इंग्रजी वर्णलेखन व उच्चार : मराठी भाषक विद्यार्थ्यांच्या अडचणींचे स्वरूप

प्रस्तावना :
महाराष्ट्रात २०००-०१ या शैक्षणिक वर्षापासून मराठी माध्यमाच्या शाळांत पहिल्या इयत्तेपासून इंग्रजी शिकविण्यास प्रारंभ झाला. तथापि विदर्भातील ग्रामीण भागातून नागपूरच्या महाविद्यालयांत येणारे अनेक विद्यार्थी आजही इंग्रजी परिच्छेद मोठ्याने वाचण्यास कचरतात. अर्थ कळत असूनही उच्चार चुकेल व वर्ग हसेल, ही भीती त्यांना मूक करते. या भीतीचे मूळ विद्यार्थ्याच्या बुद्धीत नसून इंग्रजी लेखनपद्धतीच्या इतिहासात आहे. प्रस्तुत लेखात त्याचा विचार केला आहे.

विसंगतीची कारणे :
इंग्रजीत अक्षरे २६ आहेत, तर प्रमाण ब्रिटिश उच्चारात सुमारे ४४ ध्वनी मानले जातात. त्यामुळे एका अक्षरावर अनेक ध्वनींचा भार पडणे अपरिहार्य ठरते. 'ओ-यू-जी-एच' हा एकच अक्षरसमूह 'टफ', 'कॉफ', 'थ्रू' व 'दो' या शब्दांत चार प्रकारे उच्चारला जातो.

दुसरे कारण ऐतिहासिक आहे. विल्यम कॅक्स्टनने १४७६ मध्ये वेस्टमिन्स्टर येथे मुद्रणालय सुरू केले आणि लेखन हळूहळू स्थिर होऊ लागले. मात्र साधारणतः १४०० ते १७०० या काळात इंग्रजीतील दीर्घ स्वर बदलत होते. आज 'नेम' असा उच्चारला जाणारा शब्द पूर्वी 'नाम'च्या जवळचा होता. संस्कृत 'नामन्'शी त्याचे नातेही आहे. उच्चार पुढे गेला, लेखन मागे राहिले. 'नाइट' (सरदार) या शब्दातील आरंभीचा 'के' आणि मधला 'जी-एच' हे एकेकाळी उच्चारले जात. याउलट 'डेट' (कर्ज) या शब्दातील 'बी' लॅटिन मूळ दाखविण्यासाठी विद्वानांनी नंतर घातला. तो इंग्रजीत कधीच उच्चारला गेला नाही.

नागपूर परिसरातील उदाहरणे :
१८१७ च्या लढाईमुळे प्रसिद्ध असलेली सीताबर्डी इंग्रजी पाट्यांवर 'बी-यू-एल-डी-आय' अशी अवतरते. येथील 'यू' हा 'कप' या शब्दातल्याप्रमाणे 'अ'साठी योजलेला आहे. 'पंजाब'च्या इंग्रजी लेखनातही तोच दिसतो. 'र'च्या जागी 'एल' आला. कामठीच्या जुन्या इंग्रजी लेखनात 'एम' व 'टी' यांच्यामध्ये 'पी' आढळतो. 'एम्प्टी' या इंग्रजी शब्दातही मुळात नसलेला 'पी' याच ठिकाणी शिरला आहे. वऱ्हाडाचे 'बेरार' झाले. जी अडचण मराठी विद्यार्थ्यास इंग्रजी वाचताना येते, तीच इंग्रजांना आपली गावे लिहिताना आली.

मराठीची स्थिती :
मराठी जशी लिहिली जाते तशीच बोलली जाते, हा समज अंशतः खरा आहे. 'जरा' म्हणजे थोडे व 'जरा' म्हणजे वार्धक्य यांतील 'ज' भिन्न आहे, पण लेखन एकच. 'घर' या शब्दातील अंत्य 'अ' लिपीत गृहीत असला तरी उच्चारात नसतो. मराठी वाचक हे भेद संदर्भाने व सवयीने ओळखतो. अर्थात लेखन आणि उच्चार यांतील अंतर त्यास पूर्णतः अपरिचित नाही. इंग्रजी स्वरांसाठी मराठीने 'ॲ' व 'ऑ' स्वीकारले. मात्र 'व्ही' व 'डब्ल्यू' यांच्यासाठी स्वतंत्र मूळ अक्षरे स्वीकारलेली नाहीत.

अध्यापनविषयक विचार :
'सी-ए-टी कॅट' अशा घोकंपट्टीत अक्षराचे नाव व त्याचा ध्वनी यांची गल्लत होते, कारण 'सी', 'ए', 'टी' जोडून 'कॅट' होत नाही. म्हणून ध्वनी प्रथम व अक्षरनाम नंतर शिकविणे हितावह ठरते. अंत्य 'ई'मुळे 'किट'चे 'काइट', 'हॅट'चे 'हेट' होते. असे नियमित गट आधी द्यावेत. अपवाद त्यांच्या इतिहासासह सांगावेत, म्हणजे ते लक्षात राहतात.

निष्कर्ष :
इंग्रजी वर्णलेखन हे उच्चाराचे चित्र नसून अनेक शतकांचे दप्तर आहे. ते वाचताना अडखळणे हा अज्ञानाचा पुरावा नव्हे. ही जाणीव अध्यापकाने पहिल्याच तासाला करून दिल्यास मागच्या बाकावरील विद्यार्थीही मोठ्याने वाचण्याचे धाडस करील.