वेगवान मोटार आणि तिचा गुरुजी

पनवेलजवळ कळंबोलीला मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग सुरू होतो. दमदार इंजिनाची मोटार घेतली, खिशात परवाना आहे, म्हणजे सारे आले असे नव्हे. ताशी १०० किलोमीटर वेगात मोटार सेकंदाला सुमारे २८ मीटर धावते. वेग दुप्पट झाला, की ब्रेक लागल्यावर थांबायचे अंतर चौपट होते. शिक्षकांनी हे गणित वर्गात जरूर घालावे.

मग पुढचे शिक्षण कुणाकडे घ्यावे? आधी विचारा : बंदिस्त मैदानावर, माझ्याच गाडीत, कचकन ब्रेक लावायचा सराव द्याल काय? ओल्या रस्त्यावरचा? बोरघाट उतरताना ब्रेक तापू नयेत म्हणून खालचा गिअर कसा ठेवायचा, ते दाखवाल काय? नुसता वेग शिकवणाऱ्याला दुरूनच नमस्कार करा. थांबायला शिकवील, तोच खरा गुरुजी.