यादीतले नाव आणि पत्रातला मायना

एकाच मजकुराचे पत्र शेकडो माणसांना पाठवायचे आणि तरीही प्रत्येकाच्या प्रतीवर त्याचेच नाव, त्याचाच पत्ता व त्याला साजेल असा मायना उमटवायचा, हे काम संगणकाकडून करवून घेण्याच्या पद्धतीला मेल मर्ज म्हणतात. तिच्यासाठी दोन फायली लागतात. एका फायलीत पत्राचा कायम मजकूर असतो आणि जिथे माणसागणिक बदल व्हायचा तिथे मोकळ्या जागा राखलेल्या असतात. दुसऱ्या फायलीत, जी बहुधा एक्सेलची असते, माणसांची यादी रकान्यांत मांडलेली असते. या राखीव जागांना फील्ड म्हणतात, आणि संगणक यादीतली एकेक ओळ उचलून तिचे रकाने त्या फील्डमध्ये भरत जातो. एमएस-सीआयटीचा अभ्यासक्रम पुरा केलेल्या कोणाही लिपिकाने हे एकदा तरी करून पाहिलेले असते. नाव आणि पत्ता या रीतीने बिनचूक बसतात, पण मायना बसत नाही, आणि तो का बसत नाही याचे उत्तर संगणकात शोधण्यापेक्षा मराठी पत्रव्यवहाराच्या घडणीत शोधणे अधिक उपयोगाचे आहे.

अशी पत्रे सहकारी संस्थांना दरवर्षी पाठवावी लागतात, आणि सांगलीला लागून असलेले माधवनगर ज्या पट्ट्यात येते, तो सहकाराचा पट्टा आहे. साखर कारखाना, दूध संस्था, विकास सोसायटी, पतसंस्था, नागरी बँक यांपैकी एकाही ठिकाणी सभासद नाही असे कुटुंब इथे विरळाच. सहकारी संस्थेने आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांच्या आत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत, वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यावी असा महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० मधला दंडक असल्यामुळे ऑगस्ट आणि सप्टेंबर हे या भागात सभेच्या नोटिसांचे महिने ठरतात. नोटिशीचा मजकूर सर्वांना सारखाच असतो. सभासदाला तो आपल्यासाठी लिहिला आहे असे वाटावे की नाही, हे पहिल्या ओळीवर अवलंबून राहते.

मेल मर्ज हे नाव १९८० च्या दशकाच्या आरंभी रूढ झाले, ते मायक्रोप्रो या अमेरिकी कंपनीच्या वर्डस्टार या लेखनप्रणालीला जोडून मिळणाऱ्या मेलमर्ज या पूरक भागामुळे. पुढे मायक्रोसॉफ्ट वर्डने ही सोय आपल्यात सामावून घेतली आणि मायन्यासाठी ग्रीटिंग लाइन नावाची तयार जागा दिली. तिची रचना इंग्रजी पत्राची आहे. 'डिअर', त्यापुढे मिस्टर किंवा मिसेससारखी उपाधी, त्यापुढे आडनाव आणि शेवटी विरामचिन्ह. इंग्रजी पत्रात ओळखीचा असो वा अनोळखी, लहान असो वा मोठा, प्रत्येकाला 'डिअर' चालतो, म्हणून उपाधी आणि आडनाव एवढ्या माहितीवर ती ओळ पुरी होते. मराठी मायन्याला मात्र लिहिणारा त्या माणसाचा कोण लागतो, हे आधी ठाऊक असावे लागते.

ही गरज फार जुनी आहे. देवगिरीच्या यादवांचा करणाधिप हेमाद्री, म्हणजे लोकांच्या तोंडचा हेमाडपंत, याच्या नावावर चालत आलेले 'मेस्तक' आणि त्यानंतरची लेखनपद्धतीची पुस्तके यांचा मोठा भाग कोणाला कसे संबोधावे याच्या नमुन्यांनी व्यापला आहे. थोरांना एक, बरोबरीच्यांना दुसरा, धाकट्यांना तिसरा, अशी मायन्यांची प्रतवारी तिथे लावून दिलेली असे आणि कारकुनाने पत्र पाहून त्यातला योग्य तो उचलायचा असे. मिरजेत शिक्षक असलेले वासुदेवशास्त्री खरे (१८५८–१९२४) यांनी पटवर्धन घराण्याचे दप्तर तपासून 'ऐतिहासिक लेखसंग्रह' या मालेत जी पत्रे छापली, ती या व्यवस्थेचा माधवनगरच्या परिसरातला सर्वांत समृद्ध पुरावा होत. चिंतामणराव पटवर्धनांनी १८०१ मध्ये मिरजेपासून वेगळे होऊन सांगलीला गादी नेली, त्याच घराण्याची ही कागदपत्रे. पेशव्यांना लिहिताना 'श्रीमंत' आणि 'स्वामींचे सेवेसी', बरोबरीच्या सरदाराला 'अखंडितलक्ष्मीअलंकृत राजमान्य राजश्री', वडिलांना 'तीर्थरूप', धाकट्यांना 'चिरंजीव' आणि आशीर्वाद, हा त्या काळचा शिरस्ता होता. तीर्थरूप हा मान केवळ आईवडिलांचा. चुलता, मामा किंवा गुरू यांना तीर्थस्वरूप म्हणायचे, एवढा बारीक भेद त्यात पाळला जाई. या पत्रांचा वाचक मजकुराला हात घालण्याआधीच लिहिणाऱ्याची व घेणाऱ्याची परस्पर जागा ओळखतो. आजच्या भाषेत सांगायचे तर मेस्तक हे मायन्यांचे कोष्टकच होते. त्यातली ओळ निवडण्याचे काम मात्र संबंध जाणणाऱ्या माणसाकडे होते. मेल मर्जने कोष्टक ठेवले आणि निवडणारा माणूस काढून टाकला, आणि सगळा घोटाळा तिथून सुरू होतो.

त्याच जुन्या पद्धतीने एक देणगीही मागे ठेवली आहे, आणि तिची कदर व्हायला हवी. मराठीत नामाला विभक्तीचा प्रत्यय लागण्याआधी त्याचे रूप बदलते: पाटील यांचे पाटलांना होते, कुलकर्णी यांचे कुलकर्ण्यांना, कांबळे यांचे कांबळ्यांना. संगणकाने फील्डमधल्या नावाला 'ना' जोडला तर 'पाटीलना' असे मोडके रूप तयार होईल, आणि प्रत्येक आडनावाचा नियम त्याला शिकवणे हे लिपिकाच्या आवाक्यातले काम नव्हे. पण 'पाटील यांस', 'कुलकर्णी यांसी' अशी रचना दप्तरी मराठीत शतकानुशतके चालत आलेली आहे. तिच्यात नाव अभंग राहते आणि विभक्तीचा सगळा भार 'यांस' हे सर्वनाम उचलते. पुरुष असो वा स्त्री, 'यांस' बदलत नाही. फील्ड ही कल्पना जन्माला येण्याच्या कितीतरी आधी मराठी कारकुनाने फील्डला चपखल बसणारे वाक्य घडवून ठेवले होते, ही गोष्ट थक्क करणारी आहे.

मायन्याखालच्या मजकुरात मात्र लिंगभेद पुन्हा डोके वर काढतो. 'आपण लाभांशास पात्र ठरला आहात' हे वाक्य पुरुषाला ठीक, स्त्रीला 'ठरल्या आहात' असे हवे. 'आपण संस्थेचे सभासद आहात' हे स्त्रीला लिहिताना 'संस्थेच्या' होते. यावर दोन तोडगे आहेत. पहिला तोडगा अटीच्या नियमाचा, ज्यात लिंगाच्या रकान्यात 'स्त्री' असेल तर एक शब्द आणि नसेल तर दुसरा, असे संगणकाला सांगितले जाते. दुसरा तोडगा वाक्यच बदलण्याचा: 'ठरलात' हे रूप दोघांनाही चालते, आणि 'आपले सभासदत्व' म्हटले की 'चे' आणि 'च्या' यांचा प्रश्नच उरत नाही. दुसरा तोडगा सरस आहे, कारण पहिल्यात एक दोष दडलेला असतो. अटीचा नियम लिहिताना बहुतेक जण 'स्त्री असेल तर महोदया, नाहीतर महोदय' असे लिहितात. यादीत लिंगाचा रकाना रिकामा राहिला असेल तर संगणक 'नाहीतर'च्या वाटेने जातो आणि ज्या ज्या सभासदाची माहिती भरायची राहून गेली तो प्रत्येक जण पुरुष ठरतो. शेतजमीन आणि शेअर पूर्वापार पुरुषांच्या नावावर असलेल्या भागात ही चूक सहज खपून जाते, आणि म्हणूनच ती अधिक गंभीर आहे. आपल्या नावावर शेअर घेतलेल्या बाईला तिच्याच संस्थेने 'महोदय' म्हणावे, हे काही केल्या समर्थनीय नाही. नियमात तिसरी वाट ठेवून रिकाम्या रकान्याला 'सन्माननीय सभासद' असे उत्तर देणे दोन मिनिटांचे काम आहे.

स्त्रियांच्या उपाध्यांचा प्रश्न याहून अवघड आहे, कारण तिथे लिंगाची माहिती पुरत नाही. सौ. म्हणजे सौभाग्यवती, ही उपाधी नवरा हयात असेपर्यंत. गं. भा. म्हणजे गंगाभागीरथी, ही विधवेची. कुमारी अविवाहितेची. श्रीमती ही उपाधी शासकीय व्यवहारात कोणत्याही प्रौढ स्त्रीसाठी वापरतात, पण घराघरांत ती विधवेची खूण मानण्याची सवय अजून मोडलेली नाही, त्यामुळे नवरा शेजारी बसलेला असताना 'श्रीमती' असे पत्र आले की काही घरांत नाराजी होते. उलट सभासद होताना 'सौ.' म्हणून नोंदलेले नाव वीस वर्षांनीही यादीत तसेच राहते आणि नवऱ्याच्या निधनानंतर आलेली पहिलीच नोटीस त्या बाईच्या हातात 'सौ.' घेऊन पडते. माधवनगरहून फार दूर नसलेल्या, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र काढणे या विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य शासनाने त्याच महिन्यात इतर ग्रामपंचायतींनाही तसे करण्याचे आवाहन केले. त्यानंतर एप्रिल २०२३ मध्ये तत्कालीन महिला व बालविकासमंत्री मंगलप्रभात लोढा यांनी 'विधवा' ऐवजी 'गंगा भागीरथी' वापरण्याचा प्रस्ताव विभागापुढे ठेवला, तेव्हा त्यावर महाराष्ट्रभर टीका झाली. बाईच्या नावामागचे अक्षर हा साधा शिष्टाचार नसून तिच्या घरातल्या मृत्यूची जाहीर नोंद असते, हे त्या वादात उघड झाले. इंग्रजीत मिस आणि मिसेस यांना पर्याय म्हणून आलेली 'मिझ' ही विवाहनिरपेक्ष उपाधी न्यूयॉर्क टाइम्ससारख्या वृत्तपत्राने स्वीकारली ती १९८६ मध्ये, तेव्हा हा पेच केवळ मराठीचा नाही. वैवाहिक स्थितीवरून संगणकाने उपाधी काढू नये. ज्या स्त्रीचे नाव आहे तिने सांगितलेलीच उपाधी लागावी, आणि तिने काही सांगितले नसेल तर नाव उपाधीशिवाय जावे.

या भागाच्या यादीत आणखी एक खास गोष्ट आढळते. सांगली, सातारा आणि कोल्हापूर या जिल्ह्यांत बाळासो, आप्पासो, बापूसो अशी नावे कागदोपत्री सर्रास असतात, ज्यांतला 'सो' हा 'साहेब' याचा आटोपलेला अवतार आहे. मान नावातच शिरलेला असल्यामुळे 'श्री.' आणि 'साहेब' पुन्हा जोडले की 'श्री. बाळासो साहेब' असा दुहेरी मान तयार होतो. नातेही इथे नावाला चिकटते. वसंतदादा, राजारामबापू, नागनाथअण्णा, जी. डी. बापू ही सांगली जिल्ह्याच्या सार्वजनिक जीवनातली नावे नात्याच्या शब्दाविना पुरी होत नाहीत, आणि गावपातळीवरही तात्या, आबा, आक्का, वहिनी याच संबोधनांनी माणूस ओळखला जातो. बौद्ध कुटुंबांत नावामागे 'आयु.', म्हणजे आयुष्मान किंवा आयुष्मती, लिहिण्याची आणि दिवंगतासाठी 'कालकथित' म्हणण्याची रीत आहे, वारकऱ्याला 'ह. भ. प.' हवे असते. आडनावावरून यातले काहीही ठरवता येत नाही, आणि ठरवू पाहणे म्हणजे आडनावावरून जात ओळखण्याच्या वाईट खोडीला यंत्राची जोड देणे होय.

सभासद वारला आणि शेअर वारसाच्या नावावर झाले नाहीत, तर नाव यादीत राहते आणि नोटिसा येत राहतात. मयत सभासदांसाठी वेगळा रकाना ठेवून त्या ओळी वगळणे, हा मेल मर्जमधला सर्वांत सोपा आणि सर्वांत जास्त विसरला जाणारा उपाय आहे.

जुन्या याद्यांचा एक तांत्रिक अडसरही सांगायला हवा. युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीच्या प्रत्येक अक्षराला जगभर एकच ठरावीक क्रमांक देणारी पद्धत, कार्यालयांत रुळण्याआधी मराठी नावे श्री-लिपी, आकृती यांसारख्या प्रणालींच्या फॉन्टमध्ये टंकली जात. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर ती नावे रोमन चिन्हांचा गोंधळ होऊन उमटतात. अशी यादी आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करून, एकेक नाव डोळ्यांखालून घालूनच वापरावी. त्याच वेळी एकाच रकान्यात कोंबलेले 'पाटील सुनीता रमेश' असे आडनाव आधी असलेले नाव तीन रकान्यांत वेगळे करावे, नाहीतर पत्र 'पाटील सुनीता रमेश यांस' असे हजेरीपटासारखे सुरू होते.

मायना हा रकाना यादीत स्वतंत्र असला पाहिजे. नाव, लिंग किंवा आडनाव यांवरून तो संगणकाने जुळवून काढू नये. तो रकाना भरण्याचा अधिकार सभासदाचा, आणि तो रिकामा राहिला तर '«नाव» «आडनाव» यांस, सप्रेम नमस्कार, विनंती विशेष' हा मायना प्रत्येक वेळी बरोबर ठरतो, कारण त्यात वय, लिंग, विवाह, जात, धर्म यांपैकी एकाही गोष्टीचा अंदाज बांधलेला नाही आणि तरीही आदर आणि जिव्हाळा दोन्ही आहेत. सभासदाचे नाव व पत्ता दुरुस्त करण्याचा जो अर्ज संस्थांकडे असतो, त्यात 'पत्रावर आपल्या नावामागे काय लिहावे?' ही एक ओळ वाढवायला खर्च येत नाही. माधवनगर परिसरातल्या संस्थांच्या सचिवांनी यंदाच्या सभेच्या नोटिशीसोबतच तो अर्ज पाठवावा आणि सभासदांनी, विशेषतः महिला सभासदांनी, तो भरून परत द्यावा.