संघटनात्मक वर्तनाच्या अध्यापनात चित्रपटांचा वापर

संघटनात्मक वर्तनाच्या अध्यापनात चित्रपटांचा वापर ही व्यवस्थापन शिक्षणातील एक अध्यापनपद्धती आहे. संस्थेतील व्यक्ती व गट कसे आणि का वागतात, याचा अभ्यास म्हणजे संघटनात्मक वर्तन. अधिकार, नेतृत्व, संघर्ष, गटनिर्णय या त्यातील संकल्पना या पद्धतीत चित्रपटातील प्रसंगांच्या आधारे शिकवल्या जातात.

== पद्धत ==
सहसा संपूर्ण चित्रपटाऐवजी निवडक प्रसंग दाखवला जातो. विद्यार्थी प्रथम केवळ पाहिलेले वर्तन नोंदवतात, नंतर त्याची कारणे मांडतात. संकल्पनेचे नाव शेवटी सांगितले जाते व तोच प्रसंग पुन्हा पाहिला जातो.

== उदाहरणे ==
=== गटाचा दबाव ===
बासू चॅटर्जी दिग्दर्शित 'एक रुका हुआ फैसला' (१९८६) हा सिडनी ल्युमेट यांच्या '१२ अँग्री मेन' (१९५७) या चित्रपटाचा हिंदी अवतार आहे. खुनाच्या खटल्यात अकरा ज्यूरी सदस्य आरोपीला दोषी मानतात. एकच सदस्य शंका घेतो. गुप्त मतदानात त्याला दुसरे मत मिळते आणि चर्चेची दिशा बदलते. एक जरी साथीदार लाभला तरी बहुमताचा दबाव बराच कमी होतो, हा सॉलोमन ॲश यांच्या १९५० च्या दशकातील प्रयोगांचा निष्कर्ष येथे समजावता येतो.

=== जबाबदारी आणि अधिकार ===
जब्बार पटेल दिग्दर्शित 'उंबरठा' (१९८२) हा चित्रपट शांता निसळ यांच्या 'बेघर' या कादंबरीवर आधारित आहे. महिलाश्रमाची अधीक्षक सुलभा महाजन (स्मिता पाटील) सुधारणा करू पाहते. परंतु व्यवस्थापन समिती व स्थानिक हितसंबंध आड येतात आणि अखेर ती राजीनामा देते. आश्रमाची जबाबदारी तिच्यावर, तर महत्त्वाच्या निर्णयांवरील नियंत्रण इतरांकडे, ही विसंगती संस्थेच्या रचनेत असते.

== मर्यादा ==
चित्रपट नाट्यासाठी वास्तव सोपे करतो. त्यामुळे संस्थेतील दोष एखाद्या खलपात्राच्या माथी मारण्याकडे प्रेक्षकाचा कल होतो. 'सुलभाच्या जागी दुसरी अधीक्षक आली असती, तर काय बदलले असते?' असा प्रश्न विचारल्यास चर्चा स्वभावाकडून रचनेकडे वळते. असा प्रश्न न विचारल्यास तासाला केवळ रंजनाचे स्वरूप येण्याचा धोका असतो.

== कायदेशीर बाजू ==
भारतीय कॉपीराइट अधिनियम, १९५७ च्या कलम ५२ नुसार, शैक्षणिक संस्थेच्या उपक्रमात कर्मचारी, विद्यार्थी, पालक व संस्थेशी संबंधित व्यक्ती यांच्यापुरता मर्यादित चित्रपट दाखवणे हा स्वामित्वहक्काचा भंग ठरत नाही.