साठीतली गाडी परीक्षेला बसते तेव्हा

वार्षिक परीक्षेचा निकाल हातात पडला की पास की नापास, एवढेच आपण आधी पाहतो. मोटारगाडीलाही अशी वार्षिक परीक्षा असते, हे तुम्हाला ठाऊक आहे का? ब्रिटनमध्ये ही परीक्षा 1960 सालापासून चालू आहे. ती त्या वेळच्या वाहतूक मंत्रालयाने सुरू केली. त्या मंत्रालयाच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे घेऊन लोक तिला 'एमओटी' म्हणू लागले. मंत्रालयाचे नाव पुढे बदलले, पण परीक्षेचे नाव तेच राहिले.

सुरुवातीला फक्त 10 वर्षांहून जुन्या गाड्यांचीच तपासणी होत असे, आणि तीही ब्रेक, दिवे व सुकाणू एवढ्यापुरतीच. पण त्यात इतक्या गाड्या नापास झाल्या, की 1961 च्या अखेरीस वयाची अट 7 वर्षांवर आणावी लागली. 1967 साली ती 3 वर्षांवर आली. आज ब्रिटनच्या बहुतेक भागात साधी मोटार 3 वर्षांची झाली की दरवर्षी परीक्षेला बसते.

आज आपण एका जुन्या, देखण्या गाडीला या परीक्षेला बसवू. तिचे नाव एमजीबी. ऑक्सफर्डजवळच्या अॅबिंग्डन गावातल्या कारखान्यात 1962 ते 1980 या काळात अशा 5 लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या. दोघांना बसायची जागा, वर उघडमिट करता येणारे कापडी छत, 1798 घन सेंटिमीटरचे चार सिलिंडरचे इंजिन, असा तिचा थाट. यांतल्या हजारो गाड्या आजही रस्त्यावर धावतात. साठीला पोचलेली गाडी कितपत भरवशाची असते? त्याचे उत्तर शोधताना तुमच्या पाठ्यपुस्तकातले बरेच पदार्थविज्ञान भेटेल, आणि आकड्यांनी फसू नये कसे, हेही कळेल.

पहिला पेपर : ब्रेक

ब्रेक तपासण्यासाठी गाडी रस्त्यावर पळवत नाहीत. जमिनीत बसवलेल्या दोन फिरत्या रुळांवर चाके उभी करतात. विजेची मोटर रूळ सावकाश फिरवते आणि रूळ चाकांना फिरवतात. मग ब्रेक दाबायचा. चाक थांबू पाहते, रूळ त्याला फिरवू पाहतो. न्यूटनच्या तिसऱ्या नियमाप्रमाणे चाक रुळावर जेवढे बल लावते तेवढेच मोजयंत्रावर दिसते. चारही चाकांच्या बलांची बेरीज करून तिला गाडीच्या वजनाने भागले आणि 100 ने गुणले, की 'ब्रेकची कार्यक्षमता' मिळते. एमजीबीसारख्या जुन्या मोटारीला ती निदान 50 टक्के लागते.

50 टक्के म्हणजे किती? बल वजनाच्या निम्मे असेल, तर ऋण त्वरण गुरुत्वत्वरणाच्या निम्मे, म्हणजे 4.9 मीटर प्रति सेकंद वर्ग. आता v² = 2as हे सूत्र आठवा. ताशी 36 किलोमीटर म्हणजे सेकंदाला 10 मीटर वेगाने जाणारी गाडी 10.2 मीटरांत थांबेल. वेग दुप्पट केला, तर अंतर दुप्पट नव्हे, चौपट होईल : सुमारे 41 मीटर. चालकाला धोका उमजून त्याचा पाय ब्रेकवर पडेपर्यंत गाडी जेवढी पुढे जाते, ते अंतर यात धरलेलेच नाही.

एक उदाहरण सोडवा. चालकासह गाडीचे वस्तुमान 1000 किलोग्रॅम धरा, म्हणजे वजन 9800 न्यूटन. पुढच्या दोन चाकांची बले 1900 आणि 1800 न्यूटन, मागच्या दोहोंची 900 आणि 500 न्यूटन आली. बेरीज 5100, म्हणजे कार्यक्षमता 52 टक्के. गाडी पास?

नाही, नापास! नियम असा आहे, की एकाच आसावरच्या दोन चाकांपैकी कमी जोराचे चाक दुसऱ्याच्या निदान 70 टक्के तरी असले पाहिजे. इथे मागचे एक चाक दुसऱ्याच्या 56 टक्केच आहे. एका बाजूचा ब्रेक जोरात आणि दुसऱ्या बाजूचा हलका लागला, तर गाडी नुसती थांबत नाही, ती वळू लागते. पावसाळी रस्त्यावर असे वळणे जिवावर बेतते. बेरीज बरोबर असूनही वाटणी चुकली, तर नापास!

हँडब्रेकचा नियम त्याहून मजेदार आहे. ज्या गाडीत ब्रेकच्या तेलाचे दोन वेगळे मार्ग असतात तिच्या हँडब्रेकला 16 टक्के पुरतात, पण जिथे एकच मार्ग असतो तिथे 25 टक्के लागतात. असे का? एकाच मार्गाची नळी फुटली, तर पायाचा ब्रेक पूर्ण निकामी होतो आणि हाताचाच ब्रेक उरतो. म्हणून तो अधिक बळकट हवा. सुरुवातीच्या एमजीबीत मार्ग एकच होता, दुहेरी मार्ग नंतर आला. एका मार्गाने दगा देण्याची शक्यता समजा 100 त 1 असेल आणि दोन्ही मार्ग एकमेकांवर अवलंबून नसतील, तर दोन्ही एकदम निकामी होण्याची शक्यता 10,000 त 1 एवढी कमी होते.

दुसरा पेपर : गंज

जुन्या एमजीबीचा खरा शत्रू इंजिनात नसतो, पत्र्यात असतो. या गाडीला वेगळी जड चासी नाही. बॉडीचा पत्राच वाकवून, जोडून सगळा सांगाडा केलेला आहे. आता एक काडेपेटी घ्या. बंद पेटी दोन्ही टोकांना धरून पिळून पाहा. मग आतला खण बाहेर काढून तो पिळा. खण सहज पिळला जातो, कारण त्याला वरचे झाकण नाही. बिनछपराची गाडी म्हणजे हा उघडा खण. तिला ताठ ठेवण्याचे मोठे काम दोन्ही दारांखालून जाणाऱ्या पत्र्याच्या पोकळ तुळया करतात.

नेमक्या याच तुळयांमध्ये चिखल आणि पाणी साचते. ब्रिटनमध्ये हिवाळ्यात बर्फ वितळावे म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात. मिठाचे पाणी विजेचे चांगले वाहक, म्हणून पत्र्यावर जणू लहान लहान विद्युतघट तयार होतात. एका जागी लोखंडाचे अणू इलेक्ट्रॉन गमावून पाण्यात उतरतात, दुसऱ्या जागी हवेतला ऑक्सिजन ते इलेक्ट्रॉन घेतो. उरतो तो तांबूस, भुसभुशीत गंज. मूळ लोखंडापेक्षा त्याला जागा कितीतरी जास्त लागते, त्यामुळे तो जोडांच्या फटी फाकवतो आणि पाण्याला नवी वाट करून देतो. बाहेरचा रंग मात्र चकचकीतच राहतो!

परीक्षक काय करतो? ठरलेल्या हत्याराने हलकेच ठोकून आवाज ऐकतो आणि बोटांनी दाबून पाहतो. चाकांचे आधार, सुकाणू, आसनपट्टे जिथे बॉडीला जोडलेले असतात, तिथून 30 सेंटिमीटरच्या आत पत्रा सडून कमजोर झाला असेल, तर गाडी नापास. त्याच गंजाचे भोक शोभेच्या पत्र्याला असले, तर एरवी चालते. म्हणजे परीक्षा सौंदर्याची नाही, बलाच्या मार्गाची आहे. अपघाताच्या वेळी आसनपट्टा ज्या पत्र्याला बांधलेला आहे तो पत्राच निसटला, तर पट्ट्याचा काय उपयोग?

तिसरा पेपर : दिवे

ओहमचा नियम इथे कामाला येतो. 12 व्होल्टचा 48 वॉटचा दिवा घ्या. त्यातून 4 अँपिअर धारा वाहते, म्हणजे त्याचा रोध 3 ओहम. मोटारीत दिव्याकडून परतीची तार बहुधा नसते. बॉडीचा पत्राच परतीचा मार्ग असतो. दिवा जिथे पत्र्याला जोडला आहे तिथे गंज चढून अर्धा ओहम रोध वाढला, तर धारा 12 ÷ 3.5, म्हणजे सुमारे 3.4 अँपिअर होते आणि दिव्याला 35 वॉटच मिळतात. शिवाय तंतू कमी तापल्यामुळे उजेड त्याहूनही जास्त घटतो, ढोबळमानाने मूळच्या 60 टक्क्यांवर येतो. अशा वेळी लोक बॅटरी नाहीतर दिवाच बदलतात. खरा दोष असतो तो एका गंजलेल्या स्क्रूखाली!

पास होणे आणि भरवशाचे असणे

टायरच्या खाचांची खोली निदान 1.6 मिलिमीटर आहे ना, काच, पुसण्या, भोंगा ठीक आहेत ना, हेही पाहतात. पण इंजिनातले बेअरिंग किती झिजले, गिअर किती दिवस टिकतील, याची ही परीक्षा चौकशीच करत नाही. गाडी सुरक्षित आहे का, हा एक प्रश्न. ती ऐन रस्त्यात बंद पडेल का, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर तपासणीच्या दिवसापुरते असते. दुसरे पुढच्या काळाबद्दल असते, म्हणून ते संभाव्यतेच्या भाषेतच देता येते.

समजा, एका गाडीत असे 100 सुटे भाग आहेत, की त्यांतला एक जरी बिघडला तरी गाडी थांबते. प्रत्येक भाग वर्षभर टिकण्याची शक्यता 99 टक्के आहे. ऐकायला किती छान वाटते! पण सगळेच्या सगळे टिकण्याची शक्यता 0.99 चा शंभरावा घात, म्हणजे केवळ 0.37. तीन वर्षांतली जवळजवळ दोन वर्षे ही गाडी कुठेतरी अडकणारच. म्हणून जुन्या गाडीचा जाणता मालक भाग बिघडण्याची वाट पाहत नाही, रबरी नळ्या, पट्टे, जोड आधीच बदलतो.

आकडे काय सांगतात?

2012 साली ब्रिटनमध्ये 1960 पूर्वीच्या गाड्यांना या परीक्षेतून सूट मिळाली. त्या वेळी सरकारने सांगितलेले आकडे असे होते : परवानाधारक वाहनांत या गाड्यांचे प्रमाण सुमारे 0.6 टक्के, पण अपघातांत मात्र 0.03 टक्केच. भागाकार करा. संख्येच्या मानाने त्यांचे अपघात विसाव्या हिश्शाचे! म्हातारी गाडी नव्या गाडीपेक्षा 20 पट सुरक्षित ठरली का?

थांबा, घाई नको. त्याच वेळी सरकारने असेही सांगितले होते, की यांतल्या दोन-तृतीयांश मालकांची गाडी वर्षाला 500 मैलांपेक्षाही कमी धावते. समजा, रोजच्या वापरातली गाडी 10,000 मैल धावते. म्हणजे ती 20 पट अधिक धावते. मग दर मैलाला अपघात मोजले, तर तो 20 पटीचा फरक कुठे राहिला? अंश तोच, छेद बदलला की गोष्टच बदलते. टक्केवारी दिसली की 'कशाच्या मानाने?' हा प्रश्न आधी विचारावा.

आणखी एक सापळा आहे. आज रस्त्यावर दिसणाऱ्या एमजीबी चांगल्या अवस्थेत आहेत, म्हणून 'पूर्वीच्या गाड्या टिकाऊ होत्या' असे म्हणावेसे वाटते. पण ज्या सडल्या त्या केव्हाच भंगारात गेल्या. त्यांचा निकाल आपल्यासमोर येतच नाही. दुसऱ्या महायुद्धात अब्राहम वाल्ड या गणितज्ञाने हाच मुद्दा विमानांच्या बाबतीत मांडला. परत आलेल्या विमानांवर गोळ्यांच्या खुणा जिथे दिसत नाहीत, तिथेच संरक्षणाची गरज अधिक, कारण तिथे गोळी लागलेली विमाने परतलीच नाहीत. (याच वाल्डचा 1950 साली व्याख्यानांसाठी भारतात आला असताना निलगिरी पर्वतात विमान अपघातात मृत्यू झाला.)

परीक्षाच रद्द झाली तर?

मे 2018 पासून ग्रेट ब्रिटनमध्ये 40 वर्षांहून जुन्या आणि फारसा बदल न केलेल्या गाड्यांनाही सूट आहे. एमजीबीचे उत्पादन 1980 साली थांबले, तेव्हा बदल न केलेल्या जवळपास सगळ्याच एमजीबी आता या सवलतीत बसतात. परीक्षा गेली, जबाबदारी मात्र गेलेली नाही : गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी ठेवणे आजही मालकावर कायद्याने बंधनकारक आहे. हवी तर आपणहून परीक्षा देता येते, आणि काही मालक ती देतात. मीठ आणि पाणी गाडीचे वय विचारत नाही, हे त्यांना ठाऊक असते.

आपल्याकडे खाजगी मोटारीची नोंदणी 15 वर्षांनी नूतनीकरणाला येते आणि तेव्हा तिची तपासणी होते. मधल्या काळात धुराची चाचणी होते, पण ब्रेक आणि टायर पाहण्याचे काम बहुतांशी घरच्यांवरच असते. तेव्हा परीक्षक तुम्हीच व्हा.

आणि गाडी नसली तर सायकल आहेच. मोकळ्या मैदानावर 10 मीटरच्या अंतराने दोन रेघा आखा. सारख्या वेगाने ते अंतर पार करायला किती सेकंद लागतात, ते मित्राला मोजायला सांगा. दुसऱ्या रेघेवर दोन्ही ब्रेक दाबा आणि थांबण्याचे अंतर मोजा. 2 सेकंद लागले असतील, तर वेग सेकंदाला 5 मीटर. 4 मीटरांत थांबलात, तर ऋण त्वरण 25 ÷ 8, म्हणजे सुमारे 3.1, आणि कार्यक्षमता 32 टक्के. एकदा कोरड्या चाकांनी करा, मग चाकांच्या कडा ओल्या करून, वेग कमी ठेवून पुन्हा करा. दोन्ही आकडे वहीत शेजारी शेजारी लिहा. पावसाळ्यात शाळेत जाताना पुढच्या सायकलपासून किती अंतर ठेवायचे, ते मग कोणी सांगायला नको.