गव्हाणीमागची शिडी

दसऱ्याच्या आसपास बॉयलर पेटतो आणि दिवाळीच्या पुढेमागे गव्हाणीत पहिली मोळी पडते. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर, बिजवडी या साखर कारखान्यांचं हे वेळापत्रक बारामती-इंदापुरात पोराटोरांनाही पाठ असतं. भिगवणच्या कागद कारखान्याला असा हंगाम नाही. कागदाचं मशिन रात्रंदिवस फिरत ठेवावं लागतं. अशा कारखान्यांतल्या यंत्रांना हुकूम देणारी एक प्रोग्रॅमिंगची भाषा आहे, लॅडर लॉजिक. पुण्यातल्या आयटीच्या गप्पांत जावा आणि पायथन असतात, लॅडरचं नाव निघत नाही. वीस-वीस वर्षं तिच्यावर काम केलेली माणसंही तिच्याविषयी फारसं बोलत नाहीत.

या अबोलपणाची मुळं तिच्या जन्मातच आहेत. १९६८ साली जनरल मोटर्सच्या हायड्रामॅटिक विभागाला रिलेंची, म्हणजे विजेने उघडमीट होणाऱ्या स्विचांची, भिंतभर पॅनेलं नकोशी झाली होती. गाडीचं मॉडेल बदललं की सगळं वायरिंग उपसावं लागे. त्यावर उपाय म्हणून इंजिनिअर डिक मॉर्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मॉडिकॉन ०८४ हा कंट्रोलर बनवला. ०८४ म्हणजे त्यांच्या कंपनीचा चौऱ्याऐंशीवा प्रकल्प. कारखान्यातल्या वायरमनला तो वाचता यावा म्हणून प्रोग्रॅम रिलेच्या आकृतीसारखाच काढायचा ठरला. दोन उभ्या रेषा, मध्ये आडव्या पायऱ्या, डावीकडे अट सांगणारे कॉन्टॅक्ट, उजवीकडे हुकूम देणारी कॉइल.

ऊस वाहून नेणाऱ्या कॅरिअरची एक साधी पायरी घ्या. स्टार्ट बटणाला समांतर मोटरचा स्वतःचाच कॉन्टॅक्ट असतो, त्याला होल्डिंग म्हणतात. बटणावरचं बोट उचललं तरी मोटर चालू राहते. स्टॉप बटणाचं वायरिंग मात्र मुद्दाम उलटं, एरवी जोडलेल्या राहणाऱ्या कॉन्टॅक्टचं असतं. बटणाची तार तुटली तरी मोटर थांबलीच पाहिजे. पुढे फायबरायझर, म्हणजे ऊस पिंजणारं यंत्र, चालू असल्याचा कॉन्टॅक्ट येतो. फायबरायझर बंद पडला की कॅरिअरही थांबतो, नाहीतर उसाचा ढीग तोंडाशी तुंबेल. कंट्रोलर अशा सगळ्या पायऱ्या वरून खाली वाचतो, आउटपुट बदलतो आणि काही मिलिसेकंदांत पुन्हा पहिलीवर येतो.

भाषा एवढीच. आयटीआयचा हुशार मुलगा तिचा गाभा आठवड्याभरात उचलतो. खरं शिक्षण त्यानंतर सुरू होतं आणि ते यंत्राचं असतं. रात्रपाळीत कॅरिअर ट्रिप झाला की जुना माणूस कोणता इंटरलॉक, म्हणजे सुरक्षेची अट, तुटला, सेन्सरवर बगॅस तर साचला नाही ना, हे विचारतो. भाषेवर बोलायला त्याला सवड नसते आणि गरजही नसते.

शिवाय बरेचसे प्रोग्रॅम यंत्र पुरवणाऱ्या कंपनीचे, पासवर्डमागे ठेवलेले. १९९३ साली अशा भाषांसाठी आयईसी ६११३१-३ हे मानक आलं, तरी सीमेन्सची फाइल ॲलन-ब्रॅडलीच्या सॉफ्टवेअरमध्ये थेट उघडत नाही. मग दोन कारखान्यांची माणसं भेटली तरी एकमेकांना दाखवणार काय? २०१० साली उघडकीस आलेल्या स्टक्सनेट या घातक सॉफ्टवेअरने तर इराणमधल्या सीमेन्सच्या कंट्रोलरमध्ये शिरून सेंट्रिफ्यूज बिघडवले, आणि पडद्यावर सगळं सुरळीत दिसत राहिलं. तेव्हापासून आपल्या प्लांटचं लॉजिक चारचौघांत न उलगडण्याला भक्कम कारणही मिळालं.

ही मिटलेली तोंडं मला बहुतांशी रास्त वाटतात. एका बाबतीत मात्र त्यांची किंमत फार मोठी आहे. पायरीत टायमर आठ सेकंदांचा दिसतो. आठच का, हे दिसत नाही. एखाद्या पावसाळी हंगामात चिखलाचा ऊस आला असेल, पाच सेकंदांत चूट मोकळी होत नसेल, कुणीतरी भर पाळीत आकडा वाढवला असेल. नवा इंजिनिअर वेळ वाचवायला तो पुन्हा पाचवर आणतो आणि मिल तुंबते.

ऑफ सीझनला ओव्हरहॉलिंगमध्ये रोलर उतरवून त्यांची झीज मोजतात, वहीत चढवतात. टायमर कधी बदलला, काय अडकलं होतं, कोणता इंटरलॉक कोणत्या अपघातानंतर घातला, हेही त्याच वहीत लिहून घ्यायला हवं, आणि ते सांगणारा माणूस निवृत्त होण्याआधी.