लिलावातील पोलीस गाडीचा हॉर्न : नवा घेण्यापूर्वी तारा तपासा

पोलीस खात्यातून बाद झालेली बोलेरो किंवा सुमो लिलावात घेऊन ती दुकानाच्या फिरतीला लावणारे व्यापारी बाजारात आढळतात. सौदा करताना इंजिन पाहिले जाते, टायर पाहिले जातात, कागदपत्रेही पाहिली जातात. हॉर्न मात्र शेवटी आठवतो. तो वाजत नाही असे दिसले की गॅरेजवाला नवी जोडी बसवतो, आणि पुष्कळदा नवी जोडीही मुकीच राहते. याचे कारण हॉर्नमध्ये नसून गाडीच्या पूर्वायुष्यात असते. आम्ही कापडाच्या धंद्यातले. मागावर धागा तुटला तर तो कोठे तुटला हे आधी शोधतात, माग बदलत नाहीत. येथेही तोच नियम लागू आहे.

प्रथम हॉर्नची साधी रचना समजून घेऊ. बहुतेक गाड्यांत बॅटरीची वीज फ्यूजमधून रिलेपर्यंत येते. रिले म्हणजे थोड्या विजेने जास्त विजेचा दरवाजा उघडणारी लहान डबी. स्टिअरिंगवरील बटण दाबले की रिलेच्या गुंडाळीला बॉडीचे अर्थिंग मिळते, आतील पॉइंट ‘टक्’ असा आवाज करून जुळतात आणि वीज हॉर्नला पोहोचते.

पोलीस गाडीत यावर आणखी सामान चढवलेले असते : सायरनचा ॲम्प्लिफायर, लाऊडस्पीकर, छतावरील दिवे, वायरलेस संच. काही गाड्यांत हॉर्नच्या बटणाची तार एका बदलस्विचमधून नेलेली असते. स्विच एकीकडे असला तर बटणाने हॉर्न वाजतो, दुसरीकडे असला तर सायरन. गाडी बाद होताना संच काढून घेतले जातात, पण कापलेल्या तारा डॅशबोर्डखाली तशाच राहतात. बदलस्विच निघाला की बटण आणि रिले यांच्यातील दुवा तुटतो. मग बटण चांगले, हॉर्न चांगला, तरी आवाज नाही.

तपासणीचा क्रम असा ठेवावा :

१) फ्यूज पाहावा. जळला असेल तर गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या अँपिअरचाच बसवावा. तोही लगेच जळला तर कोठेतरी उघडी तार बॉडीला टेकत आहे असे समजावे.

२) एकाने बटण दाबावे, दुसऱ्याने रिलेजवळ कान द्यावा. ‘टक्’ ऐकू आले तर बटणाकडची बाजू ठीक आहे; दोष रिलेचे पॉइंट, पुढची तार किंवा हॉर्न यांत आहे. आवाज आला नाही तर त्याच क्रमांकाचा दुसरा रिले लावून पाहावा. तरीही शांतता असेल तर बटणाची तार डॅशबोर्डखाली शोधावी. ती कापलेली सापडली तर दोन्ही टोके नीट जोडून हॉर्न मूळ रचनेवर आणावा.

३) रिले काढून त्याच्या खोबणीतील ३० आणि ८७ ही टोके फ्यूज असलेल्या तारेने क्षणभर जोडावीत. हॉर्न वाजला तर दोष रिले किंवा बटणाच्या बाजूला आहे.

४) हॉर्न वाजला नाही तर त्याची तार सोडून, फ्यूज लावलेल्या दुसऱ्या तारेने बॅटरीच्या प्लसमधून थेट वीज द्यावी. वाजला तर हॉर्न निर्दोष आहे, मधली तार तपासावी. न वाजल्यास बॅटरीच्या मायनसमधून अर्थिंगची तार देऊन पाहावे. आता वाजला तर बोल्टखालचा गंज खरवडून काढला की काम झाले. या सर्वांनंतरही तो गप्प असेल तरच नवा हॉर्न घ्यावा.

हॉर्न सतत वाजू लागला तर रिले उपसावा. दुसरा रिले लावल्यावर आवाज थांबला तर जुन्याचे पॉइंट चिकटले होते. पुन्हा वाजला तर बटणाची तार कोठेतरी बॉडीला लागत आहे. आवाज बारीक येत असेल तर बॅटरी आणि सांधे पाहावेत. एअरबॅग असलेल्या गाडीचे स्टिअरिंग मात्र स्वतः उघडू नये, ते काम जाणकार मिस्त्रीचेच.

आमच्या व्यापारी बंधूंना एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. फ्यूज वारंवार जळतो म्हणून त्याच्या जागी जाड तार गुंडाळणारे कारागीर असतात. हॉर्न त्या दिवशी वाजतो, पण शॉर्ट झालेली तार आता जळायला मोकळी होते. गाडीत कापडाची ठाणी असताना ठिणगी पडली तर गाडी आणि माल दोन्ही हातचे जातील. वायरलेस आणि सायरनच्या तारा कित्येकदा थेट बॅटरीवरून घेतलेल्या असतात. त्यांच्या टोकांना टेप लावून भागत नाही, कारण उन्हाळ्यात टेप सुटते. त्या बॅटरीकडूनच सोडवून पूर्ण काढून टाकाव्यात.

कायद्याची बाजूही ध्यानात ठेवावी. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ११९ नुसार अनेक सुरांचे किंवा कर्कश हॉर्न लावण्यास मनाई आहे. पोलीस, रुग्णवाहिका, अग्निशमन अशा वाहनांना कामापुरती सूट असते; लिलावानंतर ती नव्या मालकाकडे येत नाही. म्हणून दुरुस्ती हॉर्नची करावी, उरलेल्या सायरनची नव्हे. गाडीच्या फिटनेस तपासणीतही हॉर्न पाहिला जातो. शिवाय १ एप्रिल २०२३ पासून नोंदणीची १५ वर्षे पूर्ण झालेल्या सरकारी गाड्यांची नोंदणी पुढे चालत नाही, त्या भंगारात काढाव्या लागतात. तेव्हा बोली लावण्यापूर्वी नोंदणीची तारीख पाहावी.

सारांश, अशी गाडी घेताना चांगल्या वायरमनची अर्ध्या दिवसाची मजुरी किमतीतच धरावी. त्याला आधी डॅशबोर्डखाली पाहण्यास सांगावे, बॉनेट नंतर उघडावे. सुट्या भागांवरचा खर्च बहुधा वाचेल, आणि गाडीत माल ठेवताना मनाला धास्ती राहणार नाही.