जालन्यापर्यंत न आलेली लढाई

२००६ साली दोन नव्या डिस्क बाजारात आल्या. तोशिबाची एचडी डीव्हीडी, एका थरात १५ जीबी. आणि सोनी व इतर कंपन्यांची ब्लू-रे, २५ जीबी. एकीच्या प्लेअरमध्ये दुसरी चालायची नाही. चुकीची घेतली तर पैसे पाण्यात, म्हणून बरेच ग्राहक नुसते थांबून राहिले. जानेवारी २००८मध्ये वॉर्नरनं ब्लू-रेची बाजू घेतली आणि १९ फेब्रुवारीला तोशिबानं हात टेकले.

आता त्याच काळातलं आपलं जालना आठवा. घरात जाडजूड पिक्चर ट्यूबचा टीव्ही, त्यात भारनियमन. त्या टीव्हीवर ब्लू-रेचं चित्र खुलणार कसं? २००७मध्ये मोझर बेअरनं सिनेमाची व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना आणली. फरक सहा रुपयांचा! पण घरातला जुना प्लेअर फक्त व्हीसीडीच वाचायचा ना. सिनेमा दोन-तीन डिस्कमध्ये तुटलेला, ऐन रंगात आला की उठून डिस्क बदलायची, चालायचं. पुढे डीव्हीडी प्लेअर घेतला तरी जुन्या व्हीसीडी त्यात लागायच्या, म्हणून ती उडी जड गेली नाही. ब्लू-रेसाठी मात्र प्लेअरही नवा, टीव्हीही नवा. एवढा खर्च कोण करणार? एचडी चित्र आपल्याकडे पोचलं ते नंतर, सेट-टॉप बॉक्समधून आणि मोबाइलवर.